गीलची घरे

बेल्जियमच्या उत्तरेला, अँटवर्प प्रांतात, कांपेन नावाचा रेताड आणि हलक्या जमिनीचा मुलूख आहे. गील हे गाव त्या मुलखातले. राजकारणाच्या इतिहासात या गावाचे नाव क्वचितच येते. मनोरुग्णांच्या इतिहासात मात्र ते वगळून पुढे जाता येत नाही. पाचशेहून अधिक वर्षे तेथील शेतकरी, कारागीर आणि लहान दुकानदार यांच्या कुटुंबांनी परगावच्या मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेतले, आपल्या मेजावर जेवू घातले, आपल्या मुलांना त्यांच्या अंगाखांद्यावर खेळू दिले. युरोपातील इतर नगरांत वेड्यांच्या कोठड्यांना गज बसत होते त्या शतकांत हे चालले होते. आणि या रीतीचा उगम एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या कबरीपाशी आहे.

डिंफना हे नाव गोव्याच्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांना अगदीच अनोळखी नाही. एखादी मावशी, एखादी शाळासोबतीण या नावाची आढळते. परंतु हे नाव ज्या संतेचे, तिची कथा थोड्यांनाच ठाऊक असते, आणि ज्यांना ठाऊक असते तेही ती मुलांना अर्धीच सांगतात. कारण कथा अवघड आहे. कांब्रेच्या बिशपांच्या आज्ञेवरून पेत्रुस नावाच्या धर्मगुरूने १२३८ ते १२४७ या वर्षांच्या दरम्यान ती लॅटिनमध्ये लिहून काढली. ज्या घटनांचे वर्णन तो करतो त्या सातव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे मध्ये सहाशे वर्षे लोटली होती, आणि लोकमुखातून ऐकले ते लिहिले, असे तो स्वतःच सांगतो. इतिहासकार या वृत्तांताला आख्यायिका म्हणतात. ते मान्य करूनही कथा ऐकण्यासारखी आहे, कारण एखादा समाज कोणती आख्यायिका जपून ठेवतो हाही इतिहासच असतो.

कथा अशी. आयर्लंडच्या एका राजाची राणी वारली. राजा शोकाने खचला आणि खचता खचता त्याचे मन ठिकाणावरून ढळले. दरबारातील मंडळींना काळजी पडली. त्यांनी उपाय सुचवला तो दुसऱ्या लग्नाचा. राजाची अट होती की नवी राणी पहिलीसारखीच दिसली पाहिजे. दूत देशोदेशी फिरले आणि रिकाम्या हातांनी परतले. तेव्हा त्याच दरबाऱ्यांपैकी काहींनी राजाच्या मुलीकडे बोट दाखवले, कारण डिंफना हुबेहूब आईसारखी दिसत होती. हा विचार राजाच्या भ्रमिष्ट मनाने धरून ठेवला. मुलगी आपले पापनिवेदन ऐकणारे वृद्ध धर्मगुरू गेरेबर्नुस यांच्यासह समुद्र ओलांडून पळाली आणि गीलजवळ येऊन राहिली. वाटेतील एका खाणावळीत त्यांनी दिलेली परकी नाणी पुढे राजाच्या हेरांच्या ओळखीची ठरली आणि माग लागला. राजा आला. शिपायांनी धर्मगुरूंना ठार केले. मुलीवर हात उगारायला मात्र कुणी धजले नाही, म्हणून बापाने स्वतःच्या तलवारीने तिचा शिरच्छेद केला.

या कथेतील राजाला दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पेत्रुसने तसे केलेही आहे. त्याच्या लेखी राजा विधर्मी आणि सैतानाच्या कह्यातला आहे. परंतु गीलच्या लोकांनी कथेतून दुसराच अर्थ काढला. त्यांनी या मुलीला मनोरुग्णांची पालक संत मानले. वेडाच्या तलवारीखाली जिचा जीव गेला तीच वेड्यांची कैवारी झाली. हा अर्थ धर्मपंडितांनी लावलेला दिसत नाही. तो यात्रेकरूंनी लावला, आणि तो लावताना त्यांनी राजाला पापी म्हणण्याआधी आजारी म्हटले असले पाहिजे.

मला या कथेत सर्वांत अधिक अस्वस्थ करतात ते दरबारी. राजाला शोक झाला होता, त्या शोकाचा आजार झाला होता, आणि त्याच्याभोवतीच्या शहाण्या माणसांना उपाय सुचला तो लग्नाचा. वाचकांपैकी अनेकांना हे सातव्या शतकातले आयर्लंड वाटणार नाही. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा रात्र रात्र जागतो, एकटाच हसतो, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे सांगतो. आणि घरातली, वाडीतली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘दोनाचे चार हात करून द्या, सुधारेल.’ मुलगी असेल तर हीच गोष्ट अधिक घाईने आणि अधिक गुप्ततेने उरकली जाते. मग आजार एका घरातून दोन घरांत जातो, आणि तिसऱ्या, अजाण जिवापर्यंतही पोहोचतो. डिंफनाच्या कथेत सल्ला देणाऱ्यांचे पुढे काय झाले ते पेत्रुस सांगत नाही. सल्ला देणाऱ्यांचे सहसा काही होत नाही.

गीलला यात्रेकरू येऊ लागले. १३४९ मध्ये संत डिंफनाच्या नव्या मंदिराच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि १४८० मध्ये त्याला लागून मनोरुग्णांसाठी एक वास्तू उभारण्यात आली. रुग्णाने तेथे नऊ दिवस राहायचे, नोव्हेना करायची आणि संतेच्या अवशेषांखालून गुडघ्यांवर रांगत जायचे, अशी रीत होती. त्याला ते जमले नाही तर त्याच्या वतीने दुसरा कुणी रांगत असे. नऊ दिवसांत गुण आला नाही तर पुन्हा नऊ दिवस. यात्रेकरू वाढले, जागा पुरेना, तेव्हा मंदिराच्या धर्मगुरूंनी आसपासच्या घरांना सांगून रुग्णांची तेथे सोय लावली. आणलेल्या नातेवाइकांपैकी काही रुग्णाला घेऊन घरी परतले. काही त्याला तेथेच ठेवून, खर्चाचे पैसे देऊन परतले. नवाचे नव्वद दिवस झाले, नव्वदांची वर्षे झाली. पाहुणा घरचा झाला.

हे लिहिताना गीलला स्वर्ग करून टाकण्याचा मोह होतो, आणि अनेक भाविक पुस्तकांनी तो आवरलेला नाही. वस्तुस्थिती संमिश्र आहे. कांपेनची जमीन गरीब होती. शेतात राबायला दोन हात जास्तीचे मिळणे आणि वर ठेवणावळीचे पैसे येणे हे त्या कुटुंबांना हवेच होते. अनावर रुग्णाच्या पायांत लोखंड घातले जाई. फ्रान्सचे प्रख्यात मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल १८२१ मध्ये गीलला गेले तेव्हा त्यांना हे साखळदंड दिसले आणि त्यांनी त्यावर टीका केली. म्हणजे दयेबरोबर गरजही होती आणि मायेबरोबर बेडीही होती. तरीदेखील एक फरक राहतोच. कोठडीतल्या रुग्णाला पहारेकरी पाहत असे; गीलच्या रुग्णाला अख्खे गाव पाहत असे. घरमालकाने उपाशी ठेवले किंवा मारले तर ते रविवारच्या मिस्सेला येणाऱ्या सर्वांना कळत असे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या परंपरेची परीक्षा झाली. फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने तो मुलूख जिंकला, मंदिर बंद केले, धर्मगुरूंचा संघ मोडला. ज्या धर्मसंस्थेने ही व्यवस्था उभी केली होती तीच नाहीशी झाली. तरी रुग्ण घरांतच राहिले. गीलच्या इतिहासातील हे क्षण मला मंदिराच्या उभारणीइतकेच महत्त्वाचे वाटतात. रीत तोवर घराघरांत इतकी मुरली होती की ती सांभाळायला वरून कुणाची आज्ञा लागली नाही. पुढे १८०३ मध्ये ब्रुसेल्सच्या फ्रेंच प्रशासकाने त्या शहराच्या इस्पितळातील मनोरुग्ण गीलला हलवले. इतर नगरांनीही आपापले गरीब रुग्ण धाडले. त्यात भूतदयेपेक्षा काटकसरीचा भाग मोठा होता, कारण कुटुंबात ठेवणे कोठडीपेक्षा स्वस्त पडत असे. १८५० च्या कायद्यानंतर बेल्जियमच्या सरकारने गीलची जबाबदारी आपल्याकडे घेतली, वैद्यकीय निरीक्षक नेमले, लोखंडी बेड्यांना बंदी आली, आणि १८६२ मध्ये गावात छोटे रुग्णालय उभे राहिले. नवा रुग्ण आधी तेथे तपासला जाई, मग त्याला साजेसे घर शोधले जाई. घरात कुणी अनावर झाला तर त्याला काही दिवस पुन्हा रुग्णालयात ठेवीत आणि बरे वाटताच त्याच घरी परत पाठवीत. देऊळ, घर आणि डॉक्टर या तिघांची अशी मोट बांधली गेली. १९३८ च्या सुमारास गीलमध्ये असे साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण राहत होते.

तेथील भाषेत या माणसांना जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘जेवायला-राहायला असणारा’ एवढाच. रुग्ण नाही, वेडा नाही. पेइंग गेस्ट म्हणतो तसेच काहीतरी. त्याला कोणता आजार आहे हे कुटुंबाला बहुधा सांगितले जात नसे. त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते, गोळी केव्हा द्यायची, एवढे कळले की पुरे होई. लुव्हेन विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ युजेन रुसेन्स यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावाचा प्रदीर्घ अभ्यास केला. त्यातून दिसते की गीलची माणसे भाबडी नव्हती. कोणाला किती मोकळीक द्यायची, कोणत्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायचे, केव्हा डॉक्टरांना बोलवायचे, हे त्यांना पिढीजात ज्ञान होते. आजीने पाहुण्याला कसे शांत केले हे नातीने लहानपणी पाहिलेले असे. पाहुण्याला आपले आयुष्य पूर्णपणे इतरांसारखे जगता येत होते असेही नाही. काही रेषा आखलेल्या असत आणि त्या सर्वांना ठाऊक असत. पण त्या रेषांच्या आत त्याला नाव होते, खुर्ची होती, काम होते.

आता आईवडिलांकडे वळू, कारण गीलच्या घरांत येणारा प्रत्येक पाहुणा आधी कुणाच्या तरी घरातून आलेला असे. त्या सोडून आलेल्या घरांची कागदपत्रे फारशी उरलेली नाहीत. एका घराची मात्र आहेत. १८८० मध्ये हॉलंडमधील एट्टन गावच्या एका प्रॉटेस्टंट पाळकाने आपल्या थोरल्या मुलाला गीलला ठेवण्याचा विचार केला. मुलगा सत्तावीस वर्षांचा होता. बेल्जियमच्या कोळसाखाणींत धर्मप्रचारक म्हणून तो गेला, तेथे आपले कपडेलत्ते वाटून टाकले, पेंढ्यावर झोपू लागला, आणि त्याला नेमणाऱ्या मंडळाने त्याला काढून टाकले. बाप घाबरला. पाळक म्हणून इतरांच्या मुलांचे समाधान करणे वेगळे आणि स्वतःच्या मुलाचे डोळे असे झालेले पाहणे वेगळे. मुलाने कडाडून विरोध केला, बेत बारगळला, पण बापलेकांतली ती तेढ मुलाने पुढे भावाला लिहिलेल्या पत्रात उमटली आहे. मुलाचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

या बापाने चूक केली का? मला तसे ठामपणे म्हणता येत नाही. मुलगा आजारी पडू शकतो हे त्याने ओळखले, आणि लपवण्याऐवजी उपचाराची त्या काळातली उत्तम जागा शोधली, हे त्याच्या बाजूने जाते. विचार करताना मुलाला विश्वासात घेतले नाही, हे विरुद्ध जाते. नऊ वर्षांनी, १८८९ मध्ये, व्हिन्सेंट स्वतःहून सँ-रेमीच्या रुग्णालयात दाखल झाला. तेव्हा बाप हयात नव्हता. खर्च धाकटा भाऊ तेओ देत होता. १८९० च्या जुलैमध्ये, सदतिसाव्या वर्षी, व्हिन्सेंटने जगाचा निरोप घेतला. तेओ नसता तर ती शेवटची दहा वर्षेही त्याला मिळाली नसती, एवढे मात्र निश्चित म्हणता येईल.

दुसरे घर कॅथलिक होते आणि श्रीमंत होते. अमेरिकेच्या केनेडी कुटुंबातील थोरली मुलगी रोझमेरी १९१८ मध्ये जन्मली. ती भावंडांच्या मानाने शिकण्यात मागे होती; विशीत तिचे संतापाचे झटके वाढले, ती कॉन्व्हेंटमधून रात्री बाहेर पडू लागली. भाऊ राजकारणात उतरणार होते. वडील जोसेफ केनेडी यांनी १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये, ती तेवीस वर्षांची असताना, तिच्या मेंदूवर लोबॉटॉमीची शस्त्रक्रिया करवली. आईला आधी सांगितले नव्हते, असे तिचे बहुतेक चरित्रकार लिहितात. शस्त्रक्रियेनंतर रोझमेरीचे चालणे आणि बोलणे जवळजवळ गेले. त्या काळी ही शस्त्रक्रिया आधुनिक विज्ञानाचा चमत्कार मानली जात होती, एवढी मानली जात होती की तिचे जनक एगास मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी रोझमेरीला विस्कॉन्सिन राज्यात फ्रान्सिस्कन सिस्टरांच्या सेंट कोलेटा संस्थेत ठेवण्यात आले. कित्येक वर्षे तिचे नाव घरात उच्चारले जात नव्हते. बाहेर विचारणाऱ्यांना काहीबाही उत्तर दिले जाई. १९६१ मध्ये वडिलांना पक्षाघात झाला. त्यानंतर आई आणि भावंडे तिला भेटू लागली. १९६२ मध्ये तिची बहीण युनिस हिने एका साप्ताहिकात लेख लिहून रोझमेरीचे बौद्धिक मागासलेपण उघड केले; शस्त्रक्रियेचा उल्लेख मात्र त्यात नव्हता. रोझमेरी २००५ मध्ये, शहाऐंशी वर्षांची होऊन वारली.

पैसा, शिक्षण, श्रद्धा, उत्तम डॉक्टरांशी ओळख, यांतले काही त्या घरात कमी नव्हते. कमी होती ती एकच गोष्ट: शेजाऱ्याला सांगण्याचे धैर्य. मुलांच्या भवितव्याला धक्का लागेल या भीतीने एका मुलीचे भवितव्य संपवले गेले. आपल्याकडे भावाच्या निवडणुकीच्या जागी बहिणीचे लग्न असते, एवढाच फरक. धाकटीचे ठरेपर्यंत थोरल्याला डॉक्टरकडे न्यायचे नाही, कारण दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी पाहील.

ही भीती केवळ अज्ञानातून येत नाही; तिला शास्त्राच्या नावानेही खतपाणी मिळाले आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या नामवंत मनोविश्लेषिकेने छिन्नमनस्कतेच्या म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या मुळाशी आईच्या वागण्याचा दोष असतो अशा आशयाची मांडणी केली. पुढची दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांतील कितीतरी मातांनी मुलाच्या आजाराबरोबर हे ओझेही वाहिले. आज ही उपपत्ती टाकून देण्यात आली आहे. आनुवंशिकता, मेंदूची जडणघडण, व्यसने, आयुष्यातील आघात अशी अनेक कारणे एकत्र येऊन आजार उद्भवतो असे मानतात. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात दले आणि देनिकेर यांनी क्लोरप्रोमझीन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले, आणि तेव्हापासून उपचाराचे युगच बदलले. परंतु आपल्याकडील बोलण्यात जुनी उपपत्ती अजून जिवंत आहे. ‘आईने लाडावून ठेवला’, ‘बापाने धाक ठेवला नाही’. ज्याला दोष दिला जातो तो माणूस दार लावून घेतो, आणि दार लावले की उपचार लांबतो. दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपण एकच समजतो, त्याची ही किंमत. आजार आईवडिलांनी आणलेला नसतो. आजार ओळखून मुलाला डॉक्टरांपर्यंत नेणे मात्र बहुतेकदा त्यांच्याच हाती असते, कारण तो उद्भवतो तेव्हा मुलगा त्यांच्याच छपराखाली असतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत आढळले की मनोविकारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदा वर्षांच्या आत होते आणि तीन-चतुर्थांशांची चोवीस वर्षांच्या आत.

पण छपराखालची दोन माणसे एकटी किती पेलणार? या प्रश्नावर आपल्या देशाचा अनुभव दोन टोकांचा आहे. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एर्वाडी येथे एक दर्गा आहे. तेथेही गीलप्रमाणेच थकलेले नातेवाईक मनोरुग्णांना घेऊन येत, नवस बोलत, आणि रुग्णाला आसपासच्या खाजगी आश्रयगृहांत ठेवून परतत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशा एका आश्रयगृहाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. अठ्ठावीस जण मृत्युमुखी पडले. याचे खापर दर्ग्यावर फोडणे अन्यायाचे होईल. आपल्या स्वतःच्या काही प्रार्थनाकेंद्रांत भूत काढण्याच्या नावाखाली औषधे बंद करायला लावणारे उपदेशक नाहीत असे कोण म्हणेल? पवित्र स्थळ, असहाय नातेवाईक, ठेवून जाणे, पैसे देणे: एर्वाडी आणि गील यांची सुरुवात एकसारखी आहे. गीलला रुग्ण घरांत गेला आणि पुढे त्या घरांच्या मागे डॉक्टर उभा राहिला. एर्वाडीला तो शेडमध्ये गेला आणि त्याच्या मागे कुणीच उभे नव्हते.

दुसरे टोक अमृतसरचे. तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात एक साधी गोष्ट केली. खाटा कमी होत्या, रुग्ण वाढत होते, आणि नातेवाईक रुग्णाला टाकून जात होते. डॉक्टरांनी सैन्याकडून तंबू मागून आणले, ते रुग्णालयाच्या आवारात ठोकले आणि नातेवाइकांना सांगितले की रुग्णाबरोबर तुम्हीही राहा. आई चुलीवर भाकरी भाजी, बाप मुलाला अंघोळ घाली, आणि डॉक्टर सगळ्यांना एकत्र बसवून हा आजार काय आहे ते समजावीत. टाकून जाण्याचे प्रमाण घटले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९५७ मध्ये मनोरुग्णांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले, तेव्हा तेथेही रुग्णाबरोबर कुटुंबाने राहण्याची पद्धत ठेवली. पाश्चात्त्य देशांत आईला दोष देऊन रुग्णापासून दूर ठेवण्याची टूम होती, त्याच दशकात आपल्याकडे तिला रुग्णाच्या खाटेशेजारी जागा देण्यात आली. याचा आपल्याला अभिमान वाटावा. मात्र या पद्धतीची एक सावलीही आहे. कुटुंब सारे करतेच आहे असे म्हणून सरकार निवांत राहते, आणि शेजारीही.

महाराष्ट्रात ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. वसईपासून मुंबईपर्यंत ‘याला ठाण्याला न्यायला पाहिजे’ हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. पुण्याकडे तोच विनोद येरवड्याच्या नावाने होतो. गावाचे नाव शिवी व्हावे, हे गीलच्याही वाट्याला आले होते. त्या विनोदाने हसणाऱ्यांच्या घोळक्यात अशा एखाद्या घरची आई बसलेली असते आणि तीही हसते. अलीकडच्या वर्षांत मराठीत दोन चांगले शब्द रुजले आहेत: आजाऱ्याला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला ‘शुभंकर’. गीलच्या ‘पाहुण्या’सारखेच हे शब्द माणसाला आजारापासून वेगळा काढतात. २००४ चा ‘देवराई’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची ओढाताण आठवेल.

ख्रिस्तसभेच्या भूमिकेतही या शतकभरात पालट झाला आहे, आणि तो प्रत्येक कुटुंबाला माहीत असावा. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेतून हा उल्लेख वगळण्यात आला. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात म्हटले आहे की तीव्र मानसिक व्याधी, यातना वा भीती यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि तिच्या तारणाविषयी निराश होऊ नये. २०२२ या एका वर्षात भारतात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांच्या घरांत काय चालले असेल याची कल्पना करताना हा पालट आठवावा. धर्मगुरू आता दफनविधीला नाही म्हणत नाहीत. परंतु विधीनंतरच्या आठवड्यात त्या घरी किती जण जातात? आपल्या धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळाची माणसे आजाऱ्याच्या घरी जातात. पाय मोडलेल्याकडे, बायपास झालेल्याकडे फळे घेऊन आपण सगळेच जातो. ज्या घरचा मुलगा ठाण्याला दाखल आहे त्या घरी आपण जात नाही. आपल्याला कळले आहे हे त्यांना कळू नये, ही आपली सभ्यतेची कल्पना. त्या घराला ती सभ्यता शांततेसारखी ऐकू येत नाही.

गीलमध्ये आता पूर्वीइतके पाहुणे नाहीत. शेती गेली, घरातली दोघेही नोकरीला जातात, औषधांमुळे पुष्कळ रुग्ण स्वतःच्याच घरी राहू शकतात; संख्या काही हजारांवरून काही शेकड्यांवर आली. २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद जपण्याजोग्या प्रथांत केली. एखादी रीत जपण्याजोगी ठरते तेव्हा ती आपोआप चालेनाशी झालेली असते, ही त्यातली दुखरी बाजू.

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. अठरा वर्षांखालील मुलांबद्दल त्याच्या ८७ व्या कलमात जे लिहिले आहे ते वाचताना अमृतसरचे तंबू डोळ्यांसमोर येतात. मुलाला दाखल करावे लागले तर प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे. आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने दाखल असण्याचा सारा काळ मुलाजवळ राहिलेच पाहिजे. मुलगी असेल तर जवळ राहणारी स्त्रीच हवी. म्हणजे आई तीन आठवडे रुग्णालयात. त्या तीन आठवड्यांत धाकट्याला शाळेत कोण सोडणार, वाडीतल्या केळींना पाणी कोण लावणार, सासूबाईंना औषध कोण देणार, आणि रविवारी मिस्सेनंतर ‘हल्ली दिसत नाहीत त्या’ असे कुणी म्हणाले तर शेजारीण काय उत्तर देणार, याबद्दल कायद्यात कलम नाही.